ओंडका, फळी आणि आकडा : सागवानाच्या व्यापाराची तुलना मुलांना कशी शिकवावी?



आपल्या वडवणी परिसरात जुना वाडा पाडायला काढला की एक ठरलेलं वाक्य हमखास कानावर येतं, "लाकूड बर्मा सागवान आहे बरं का!" मागच्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतल्या एका पालकांनी आपलं जुनं माळवद उतरवलं. तुळया, खांब, किलचन असं सगळं लाकूड व्यापाऱ्याने उक्तं नेलं. मोजमाप काही केलं नाही. शाळा सुरू झाल्यावर त्यांच्या मुलीने वर्गात विचारलं, "सर, आमच्या घराचं लाकूड खरंच ब्रह्मदेशातून आलं होतं का? आणि ते किती होतं?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. पण नववीच्या भूगोलात व्यापाराचा पाठ शिकवताना मी हाच प्रश्न हाताशी धरला. त्यातून जे टाचण तयार झालं, ते सविस्तर मांडतो. पाठ्यपुस्तकातली 'आयात-निर्यात' मुलांना पाठ होते, पण दोन देशांचा व्यापार वेगवेगळ्या काळात तोलायचा कसा, हे समजत नाही. आकड्यांची तुलना चुकली की निष्कर्ष चुकतो, आणि निष्कर्ष चुकला की कधी कधी घरातले पैसेही जातात. ते कसं, ते शेवटी पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू या

लाकडाच्या व्यापारात 'कठीण लाकूड' आणि 'मऊ लाकूड' असे दोन मोठे गट असतात. मुलांना वाटतं, नखाने दाबून पाहिलं की कळेल. तसं नाही. ही विभागणी झाडाच्या जातीवरून होते. रुंद पानांच्या झाडांचं ते कठीण लाकूड. साग, शिसव, बाभूळ, लिंब ही सगळी त्यात आली. देवदार, पाइन अशा सूचिपर्णी झाडांचं ते मऊ लाकूड. म्हणूनच हाताला अगदी हलकी आणि मऊ लागणारी काटेसावरसुद्धा व्यापाराच्या वहीत 'कठीण' गटात बसते. वर्गात बाभळीचा तुकडा, सावरीचा तुकडा आणि पेटीच्या खोक्याची पाइनची फळी शेजारी ठेवा. मुलं हा फरक विसरणार नाहीत.

गटाचं नाव एक आणि वस्तू दुसरी, असं होऊ शकतं. तुलनेचा पहिला धडा इथेच मिळतो : आकडा वाचण्याआधी त्या आकड्यात काय काय मोजलं आहे, ते विचारा.

तीनशे वर्षांचा प्रवास

सागाचं झाड नैसर्गिकरीत्या भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या चारच देशांत उगवतं. जावा बेटावर तो फार पूर्वी नेऊन लावला गेला. सागाच्या लाकडात तेलकट अंश असतो, त्यामुळे वाळवी आणि पाणी त्याला लवकर खात नाही. त्यात ठोकलेले लोखंडी खिळेही टिकतात. म्हणूनच जहाजवाल्यांचा या लाकडावर डोळा होता.

मराठी राज्यातही हा प्रश्न होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमाराच्या लाकडाबद्दल स्पष्ट सूचना आहेत. सागासारखी झाडं हुजुराच्या परवानगीने तोडावीत, त्यापलीकडे लागेल ते लाकूड परमुलखातून विकत आणावं, आणि रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे घरचं झाड राखायचं आणि कमी पडेल ते बाहेरून आणायचं. हे धोरण लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

त्याच शतकात, १७३६ मध्ये, लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले. त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. नेपोलियनबरोबरच्या युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओकच्या लाकडाची टंचाई झाली होती. मग मलबारच्या सागाची जहाजं मुंबईत बांधून घेतली जाऊ लागली. ऑक्टोबर १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे पाण्यावर उभं आहे. मुलांना विचारा : हे लाकूड भारताने इंग्लंडला 'निर्यात' केलं का? ओंडका म्हणून तर नाही गेलं. फळी म्हणूनही नाही. ते जहाज होऊन गेलं. मग लाकडाच्या व्यापाराच्या वहीत ते कुठल्या रकान्यात लिहायचं? वर्गात यावर छान भांडण होतं, होऊ द्या.

मलबारची जंगलं ओरबाडली गेल्यावर १८४० च्या दशकात तिथले जिल्हाधिकारी कोनोली यांनी केरळात नीलांबूरला सागाची लागवड सुरू केली. दुसरीकडे इंग्रजांची नजर ब्रह्मदेशाकडे वळली. १८५२ च्या युद्धानंतर दक्षिण ब्रह्मदेश त्यांच्या ताब्यात गेला. १८६३ मध्ये मुंबईत 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' स्थापन झाली. उत्तरेकडे अजून राजा थिबाचं राज्य होतं, आणि तिथल्या जंगलातून ही कंपनी साग काढत होती. जेवढे ओंडके नेले तेवढ्यांचे पैसे भरले नाहीत, असा आरोप ठेवून १८८५ मध्ये राजाच्या दरबाराने कंपनीला सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त मिळालं. नोव्हेंबरात युद्ध झालं, महिनाअखेरीस राजा कैद झाला आणि १ जानेवारी १८८६ ला त्याचं राज्य खालसा झालं.

तो राजा कुठे आला? आपल्या रत्नागिरीला! १९१६ मध्ये त्याचा मृत्यूही तिथेच झाला. सहलीला गेलेल्या मुलांनी थिबा पॅलेस पाहिलेला असतो, पण त्यामागे ओंडक्यांच्या मोजणीचं भांडण होतं हे त्यांना माहीत नसतं. "किती ओंडके नेले?" या प्रश्नाच्या दोन वेगळ्या उत्तरांवरून युद्ध झालं. मोजमाप शिकवायला यापेक्षा मोठं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

सरहद्द हलते, झाड जागेवरच राहतं

१८८६ नंतर ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. म्हणजे रंगूनहून मुंबईला आलेला साग हा देशांतर्गत माल. १९३७ मध्ये ब्रह्मदेश वेगळा झाला आणि तोच साग, तीच बोट, तेच बंदर असूनही व्यवहार 'परदेशी' झाला. १९३० आणि १९४० चे आकडे शेजारी ठेवून कोणी म्हणालं की भारताची सागाची आयात एकदम वाढली, तर ती वाढ खरी की कागदावरची?

आता हाच प्रश्न वडवणीला लावा. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचा स्वतःचा जकात विभाग होता, त्याला करोडगिरी म्हणत. स्वतःचं चलनही होतं, हाली सिक्का. साधारण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये. मुंबईच्या वखारीतून साग आणला तर तो संस्थानाच्या सरहद्दीवर करोडगिरी भरून यायचा. पण गोदावरीच्या खोऱ्यातलं आदिलाबादचं सागवानी जंगल संस्थानातच होतं. तिथला साग आणला तर तो घरचा माल.

त्यामुळे त्या मुलीला मी सांगितलं, "तुमच्या तुळया ब्रह्मदेशच्या असतील किंवा आदिलाबादच्याही असतील. नुसतं 'बर्मा' म्हटल्याने ते ठरत नाही. घरात जुनी पावती, खरेदीची वही, लाकडावर ठोकलेला शिक्का असं काही आहे का बघ." दुसरा धडा : दोन काळांची तुलना करताना आधी दोन्ही काळांचे नकाशे काढा.

विकणारा देश घेणारा कसा झाला?

स्वातंत्र्यानंतर लाकडाची मागणी वाढत गेली. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने जंगलाकडे उत्पन्नाचं साधन म्हणून न पाहता आधी पर्यावरण राखण्यावर भर दिला. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशाने देशभरातल्या वृक्षतोडीवर कडक निर्बंध आले. देशातलं लाकूड आटलं, बांधकाम मात्र वाढतच होतं. मग बाहेरून लाकूड येणं क्रमप्राप्त होतं. 'आज्ञापत्रा'तलं धोरण आठवलं ना? घरचं राखायचं, परमुलखातून आणायचं.

शेजाऱ्यांनीही आपापले दरवाजे लावून घेतले. इंडोनेशियाने १९८५ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली. थायलंडमध्ये १९८८ च्या महापुरानंतर, जानेवारी १९८९ मध्ये, जंगलतोडीवर बंदी आली. राहता राहिला म्यानमार. त्यानेही १ एप्रिल २०१४ पासून ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, कापलेलं लाकूड तेवढं चालू ठेवलं.

मग आज भारतात साग येतो कुठून? घाना, इक्वेडोर, कोस्टा रिका, पनामा अशा देशांतूनही येतो. तिथे साग मूळचा नाही. त्रिनिदादमध्ये १९१३ मध्ये ब्रह्मदेशातलं बी नेऊन लावलं, तर पनामात १९२६ मध्ये श्रीलंकेतून नेलं. आपल्या भागातून गेलेल्या झाडाची नातवंडं आता जहाजात बसून गुजरातच्या कांडला बंदरात उतरतात. जगात विकायला निघणाऱ्या सागवानाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक आज भारतच आहे.

आपल्या राज्यात साग उरलाच नाही, असंही समजू नका. गडचिरोलीतलं आलापल्ली आणि चंद्रपूरचं बल्लारशा आगार आजही प्रसिद्ध आहे. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी साग तिथूनच गेला.

तुलना करताना चार ठिकाणी पाय घसरतो

१. माप. आपल्याकडे गोल ओंडका 'चौथाई घेर' पद्धतीने मोजतात. घेराला चाराने भागायचं, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. ओंडक्याचा घेर ४ फूट, लांबी १० फूट असेल तर १ × १ × १० = १० घनफूट. पण दहावीच्या गणिताने, म्हणजे वृत्तचितीच्या सूत्राने, काढा. घेराचा वर्ग भागिले ४π, गुणिले लांबी. उत्तर येतं १२.७३ घनफूट. ओंडका एकच, मापं दोन! जुनी पद्धत सालीची आणि कापताना वाया जाणाऱ्या लाकडाची सूट धरते, म्हणून ती खऱ्या घनफळाच्या ७८.५ टक्केच दाखवते. म्यानमारमध्ये साग 'हॉपस टना'त विकला जातो. तो वजनाचा टन नव्हे, तर याच पद्धतीने मोजलेले ५० घनफूट, म्हणजे सुमारे १.८ घनमीटर. कोणी तो १००० किलोचा टन समजून दुसऱ्या देशाशी तुलना केली तर सगळंच मुसळ केरात.

२. ओंडका की फळी. जगभरच्या जकात नोंदींत १९८८ पासून वस्तूंना सारखे क्रमांक दिले जातात. ओंडके ४४०३ मध्ये, कापलेलं लाकूड ४४०७ मध्ये. आता फळ्यावर हे उदाहरण लिहा (आकडे मानलेले आहेत). पहिल्या वर्षी एका देशाने १०० घनमीटर ओंडके पाठवले. नंतरच्या वर्षी ४० घनमीटर ओंडके आणि ३० घनमीटर फळ्या पाठवल्या. फक्त ओंडके पाहिले तर व्यापार ६० टक्क्यांनी घटला. दोन्ही बेरीज केली तर ७०, म्हणजे ३० टक्के घट. पण ओंडका कापला की निम्म्याच्या आसपासच फळी हाती लागते. म्हणजे ३० घनमीटर फळ्यांसाठी ६० घनमीटर ओंडके लागले. ४० अधिक ६०, बरोबर १००. जंगलातली तोड तसूभरही कमी झाली नाही! २०१४ नंतर म्यानमारच्या फक्त ओंडक्यांचा रकाना पाहून 'जंगल वाचलं' म्हणणारा इथेच फसतो.

३. पैसा. १९९० मध्ये एक डॉलर सुमारे साडेसतरा रुपयांना होता, २०१३ मध्ये सरासरी साडेअठ्ठावन्नच्या आसपास. दोन्ही वर्षी १०० डॉलरचंच लाकूड घेतलं असं माना. रुपयांत १,७५० चे ५,८५० झाले. लाकूड मात्र इंचभरही वाढलं नाही. त्यातच जंगलातल्या जाड, जुन्या सागाचा भाव वेगळा आणि लागवडीतल्या बारीक सागाचा वेगळा. म्हणून किंमत आणि घनफळ, दोन्हींचे आलेख वेगळे काढायला लावा. त्यापैकी एकावर कधीच थांबू नका.

४. दोन वह्या. विकणारा देश लिहितो 'इतकं पाठवलं', घेणारा लिहितो 'इतकं आलं'. हे दोन आकडे जुळले पाहिजेत. २०१४ मध्ये 'एन्व्हायर्नमेंटल इन्व्हेस्टिगेशन एजन्सी' या संस्थेने म्यानमारच्या बाबतीत दोन्ही वह्या ताडून पाहिल्या. म्यानमारच्या कागदावरच्या निर्यातीपेक्षा इतर देशांनी घेतलेलं लाकूड कितीतरी जास्त निघालं. मधलं लाकूड चोरवाटेने गेलेलं. थिबा राजाच्या दरबाराची तक्रार तरी वेगळी काय होती?

हे आपल्या बांधावर कसं येतं?

आता पालकांसाठी. आपल्याकडे अधूनमधून रोपं विकणारे एजंट येतात. "टिश्यू कल्चरचा साग आहे, बांधावर शंभर झाडं लावा, बारा वर्षांनी एका झाडाचे पन्नास हजार, पोरीच्या लग्नाची चिंता मिटली." मग परदेशातल्या सागाचा भाव दाखवतात, वर्तमानपत्राचं कात्रण दाखवतात. नव्वदच्या दशकात अशाच सागवान योजनांत देशभरातल्या मध्यमवर्गीयांचे पैसे बुडाले होते. पुढे १९९९ मध्ये सेबीला अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले.

आमच्या वर्गाने या दाव्याचं गणित मांडलं. मानू या, बारा वर्षांत झाडाचा घेर २ फूट झाला आणि सरळ खोड १५ फूट मिळालं. चौथाई घेर अर्धा फूट. ०.५ × ०.५ × १५ = ३.७५ घनफूट. याचे पन्नास हजार यायचे तर घनफुटाला तेरा हजारांच्या वर भाव मिळायला हवा, तोही उभ्या, न कापलेल्या, कोवळ्या झाडाला. बारा वर्षांच्या खोडात पक्का गाभा कमी आणि पांढरं लाकूड जास्त. जवळच्या वखारीत जाऊन नुसता भाव विचारून या, उत्तर आपोआप मिळेल.

शिवाय सागाला खोल, निचऱ्याची जमीन लागते. आपल्या डोंगरपट्ट्यातल्या मुरमाड जमिनीत घेर धरायला त्याला जास्त वर्षं लागतात. महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्यानुसार साग स्वतःच्या रानातला असला तरी तोडायला परवानगी लागते, त्यामुळे सातबाऱ्यावर झाडांची नोंद आधीच करून घ्यावी. साग लावूच नका, असं मी म्हणत नाही. जरूर लावा. फक्त म्यानमारच्या जुन्या जंगलातल्या ओंडक्याचा भाव आपल्या बांधावरच्या कोवळ्या झाडाला लावू नका. यालाच चुकीची तुलना म्हणतात.

आणि जुनं माळवद उतरवणार असाल तर उक्ता सौदा करण्याआधी घरातल्या शाळकरी पोराच्या हातात टेप द्या. चौकोनी तुळईला तर चौथाई घेराचीही गरज नाही. रुंदी, जाडी आणि लांबी फुटांत घ्या आणि गुणा. वहीत लिहून ठेवा. मग व्यापाऱ्याशी बोला. त्या मुलीच्या वडिलांना हे आधी कळलं असतं तर सौदा कसा झाला असता, हे आता सांगता येत नाही. लाकूड गेलं, मोजमाप राहिलं.

वर्गासाठी उपक्रम

१. प्रत्येक मुलाने घरातल्या एका लाकडी वस्तूची जात, अंदाजे वय आणि घनफळ लिहून आणावं. आजीला विचारून ती कुठून आली तेही लिहावं.
२. जगाच्या नकाशावर १८१७, १९४०, १९९० आणि आज असे चार वेगळ्या रंगांचे बाण काढून सागाचा प्रवास दाखवावा.
३. शाळेच्या आवारातल्या एका झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर दरवर्षी त्याच तारखेला मोजून भिंतीवर लिहावा.
४. चर्चेचा प्रश्न : आपण आपलं जंगल राखलं आणि लाकूड दुसऱ्या देशातून आणलं. मग जंगल वाचलं, की फक्त तोडीची जागा बदलली?

चौथ्या प्रश्नाचं तयार उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते मुलांना देऊही नये. आमच्या वर्गात एक मुलगा म्हणाला, "सर, मग जुन्या वाड्याचं लाकूडच पुन्हा वापरलं तर?" मी काही बोलायच्या आत त्या मुलीने मान वर केली. तिच्या नव्या घराची चौकट सिमेंटची आहे.

हा पाठ तुमच्या शाळेत घेऊन पाहा, आणि मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते आवर्जून कळवा.